बारा किलो कडू वानवळा

आणि चोरी हा शब्द तू नक्की कुणाला उद्देशून लिहिलास, तेही एकदा सांगून टाक, दादा. मला उद्देशून असेल तर राहू दे, तुझ्या तोंडून मी याहून वाईट ऐकलेलं आहे. पण वहिनींना उद्देशून असेल तर शब्द मागे घे. आपल्या शेतातली फुलं आपल्याच घरच्या बाईने आपल्याच घरच्या पोराला पाठवली, यात चोरी कुठून आली? चोरी तू करतोयस. बाबांनी उभे केलेले चौपन्न खांब, वरच्या तारांसकट, तू त्या भंगारवाल्याला अडतीस हजार येनला द्यायला निघालायस. म्हणजे खांबामागे सातशे येन. (हिशेब बोटांवर केलाय, थोडं इकडेतिकडे असेल. मी शाळा सोडली, बोटं सोडली नाहीत.) सातशे येनला इकडे एक पेला बिअर येते, दादा. एक पेला. चढायलासुद्धा दोन लागतात.

रागाच्या भरात नमस्कार राहिला, तो आता घे. तीर्थरूप दादास धाकट्या दाइगोचा वाकून नमस्कार, इतका वाकून की तुझं तोंड दिसू नये. तिकडे डोंगरात आता सकाळचा गारठा सुरू झाला असेल, ओसरीवर मुळे वाळत टांगले असतील. वहिनींचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कडकड वाजतो का? तुझी पाठ कशी आहे? (पाठीचं कळवलं नाहीस तरी चालेल. सहा वर्षं मला तीच दिसतेय.) माझी तब्येत उत्तम. नोकरी तीच, म्हणजे तीन वर्षं एकच नोकरी, हे वाचून तू खुर्चीवरून पडला नसशील अशी आशा करतो. आधीच्या अकरा नोकऱ्या तू प्रत्येक पत्रात मोजतोस, ही बारावी मात्र मोजायला विसरतोस.

आणि दुसरं, बाबांच्या वेळी मी आलो नाही, हेही तू प्रत्येक पत्रात लिहितोस. मी प्रत्येक पत्रात उत्तर देतो, तू प्रत्येक पत्रात ते वाचत नाहीस. तू फोन केलास तो टायरच्या कारखान्यावर. तिथून मला निघून चार महिने झाले होते. त्यांनी निरोप दिला कँटीनवाल्याला, कँटीनवाल्याने एका ट्रकवाल्याला, आणि ट्रकवाला मला भेटला तेव्हा बाबांच्या मर्तिकाचा एकोणपन्नासावा दिवससुद्धा उरकला होता. पत्ता कळवला नाही ही चूक माझी. मान्य. पण ती दर महिन्याला नव्याने माझीच कशी होते, हे मला कळत नाही. इतक्या वर्षांत एखादा महिना तू घेतला असतास.

खांबांचंही मला कळतं, कळत नाही असं समजू नकोस. मोठ्या बिअर कंपनीने आपल्या खोऱ्यातला हॉप, बिअर कडू करणारी ही फुलं, घेणं यंदापासून बंद केलं. परदेशातून दळून, दाबून, चंदेरी पिशवीत भरून येतो तो स्वस्त पडतो. खालच्या आळीतली दोन घरंही सोडतायत. पण वेल दर हिवाळ्यात मरते आणि वसंतात आपली आपण उगवते, तिचं काही नाही. बारा बारा हात उंच खांब उभे आहेत तोवर ते हॉपचं शेत. एकदा उपटले की ती नुसती ओढ्याकाठची जमीन, आणि ते पुन्हा रोवायला आपल्या घरात आता बाबांसारखा वेडा माणूस नाही. (मी आहे, पण मला तू धरत नाहीस.)

आता बारा किलो फुलांचं काय झालं, ते तू विचारलंयस. 'कुठल्या गटारात घातलीस' असं विचारलंयस, पण विचारलंयस ना. सविस्तर सांगतो. चहा घेऊन बस.

मी राहतो ते वाकामात्सु बंदर तू पाहिलेलं नाहीस, बघण्यासारखंही नाही. कोळसा होता तो संपला, गोदी होती ती निम्मी बंद झाली, उरली माणसं, आणि माणसांना प्यायला इशिमारू आजींचं दारूचं दुकान, माझी बारावी नोकरी ती तिथलीच. आजींचं वय चौऱ्याहत्तर, उंची बिअरच्या तीन क्रेटांइतकी, आवाज जहाजाच्या भोंग्यासारखा. आपल्याकडे प्यायचं म्हणजे बसून. इथे दुकानातच, कोपऱ्यातल्या फळीला कोपर टेकून, उभ्याने. बाटली शेल्फवरून आपणच उचलायची, पैसे वाटीत टाकायचे. खुर्ची कुणी मागितली तर आजी ओरडतात, 'बसायचं तर घरी जा! घरच्या खुर्च्या रिकाम्याच आहेत!' कुरोगी म्हणून निवृत्त क्रेनवाले आहेत, ते रोज एकदा खुर्ची मागतात आणि रोज हे ऐकून घेतात. त्यांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली. आजींना ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक आहे की आजींना ठाऊक आहे. अशी ही करमणूक.

सकाळी आठला रात्रपाळी सुटलेली माणसं येतात, अकराला पेन्शनवाले. एक मोठी बाटली, चार छोटे पेले. आपला पेला आपण भरायचा नाही, शेजाऱ्याचा भरायचा आणि आपला कुणीतरी भरेल म्हणून तोंड दुसरीकडे करून वाट बघायची. हे सगळीकडेच आहे, पण इथे त्याचा धर्म झालाय. आणि शनिवारी दुपारी फुकुओकाहून वहीवाले येतात. कारण फळीच्या दुसऱ्या टोकाला आजींनी तीन नळ बसवू दिलेत, त्सुरुताच्या बिअरचे. हा त्सुरुता पूर्वी गोदीत वेल्डर होता. गोदीने घरी बसवल्यावर बर्फाच्या जुन्या कारखान्यात, स्वतः जोडलेल्या टाक्यांत बिअर करायला लागला. बोलतो कमी, थर्मामीटर बघतो जास्त. वहीवाले त्याची बिअर पोटफुग्या पेल्यात घेतात, उजेडात धरतात, फोटो काढतात, नाक घालतात, वहीत लिहितात, पुन्हा नाक घालतात. मी एकदा मोजलं, पहिल्या घोटाआधी अकरा वेळा नाक. एकाने लिहिलं, 'पावसाने भिजलेल्या देवदाराच्या रानाचा वास.' मी खरकटे पेले उचलत होतो, मला वाचता आलं. मनात म्हटलं, रान कसलं, हा आमच्या बाबांच्या सदऱ्याचा वास आहे. उभा जन्म त्यांनी तो अंगावर वागवला, एकाने फोटो काढला नाही. उलट बसमध्ये शेजारची बाई उठून जायची.

पेन्शनवाले त्या नळांना हात लावत नाहीत. 'कुत्र्याला जंतांचं औषध देतात त्या चवीचं,' कुरोगींचं मत. 'आणि एकट्याने एक पेला प्यायचा म्हणजे काय? आजारी आहोत का आपण?'

तर अशा एका शनिवारी एका वहीवाल्याने त्सुरुताला विचारलं, हॉप कुठला. त्सुरुताने चंदेरी पिशवी उघडून दाखवली, आत कोंबडीच्या खाद्यासारख्या हिरव्या गोळ्या. मी वाकून वास घेतला आणि तोंडातून निघून गेलं, 'काढायला चार दिवस उशीर केलाय. कांदा मारतोय.' वहीवाला हसला. त्सुरुता हसला नाही. सगळे गेल्यावर त्याने मला मागच्या दाराशी गाठलं. 'तुला कसं कळलं?' तेव्हा दादा, सहा वर्षांत पहिल्यांदा मी कुणाला तरी खरं सांगितलं, की आपलं हॉपचं शेत आहे. त्सुरुता बराच वेळ थर्मामीटर बघावं तसा माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, 'ताजी फुलं आण. वाळवलेली नकोत, वेलीवरून काढल्यापासून दोन दिवसांच्या आत माझ्या हंड्यात पडली पाहिजेत. बारा किलो. बिअर चांगली झाली तर दरवर्षी घेईन.' मी विचारलं, दरवर्षी किती? 'दोन ओळींची.' दोन ओळींवर घर चालत नाही, हे मलाही कळतं. पण दोन ओळींना खांब लागतात, हे तुला कळतं का?

तुला विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास ते आपण दोघेही जाणतो, म्हणून मी वहिनींना फोन केला. त्या बिचाऱ्या गुडघा धरून पहाटे ओढ्याकडच्या ओळीत गेल्या, फुलं काढली, तीन खोक्यांत भरली आणि कुरियरच्या गारपेटीच्या, म्हणजे थंड कप्प्याच्या, गाडीत चढवली. आता इथे नीट लक्ष दे, कारण पुढचा सगळा घोटाळा तुझ्यामुळे झाला. कुरियरचा काउंटरवाला तुझ्याबरोबर रोज पत्ते खेळतो, तो तुला सांगेल या भीतीने वहिनींनी खोक्यांवर 'हॉप' असं लिहिलं नाही. 'भाजीपाला' असं लिहिलं. बायकोला असा धाक घालणारा नवरा नसता तर आज वाकामात्सुत तीनशे लिटर बिअर आपल्या बाबांच्या शेताची झाली असती. हे मी रागाने लिहीत नाही, नोंद म्हणून लिहितोय.

खोकी येणार होती दुपारी. मी पहाटेपासून त्सुरुताकडे. पाणी तापवणं, सातूचा चोथा उपसणं, हंडा घासणं. हंडा उकळत राहिला पाहिजे आणि फुलं आली की त्यात गेली पाहिजेत, एवढा एकच मंत्र. आणि गाडी आली सकाळी साडेआठला. (माझ्याकडे सगळं उशिरा येतं, फक्त माझं नशीब फोडायला गाडी लवकर येते.) आजींनी सही केली. तीन खोकी, पाठवणाऱ्याचं आडनाव आमच्या दाइगोचंच, वर लिहिलंय भाजीपाला.

आता तुला एक गोष्ट सांगायला हवी, ती मी शेवटी लपवणार होतो, पण इथे तिच्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी आजींना, कुरोगींना, सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझ्या घरी कुणी उरलं नाही. बाबा गेलेच होते. तुला मी मासेमारीच्या बोटीतून समुद्रात पाडलं. (तुला पोहता येत नाही, त्यामुळे खोटं वाटलं नाही.) नवीन माणसाला लोक विचारतात ना, घरी कधी जाणार, नवीन वर्षाला जाणार का, आईबापांना फोन केलास का, ते सगळं एका बोटीत मिटलं. तीन वर्षं कुणी काही विचारलं नाही. नवीन वर्षाला आजी स्वतः माझ्या ताटात तांदळाच्या मोचीचा एक गोळा जास्त टाकायच्या, तेवढंच.

तर तीन वर्षांत ज्या पोराला दुकानात कुठूनही पोस्टकार्ड आलं नाही (तुझी पत्रं मी पोस्टात जाऊन घेतो), त्याच्या घरून तीन खोकी भाजी आली. आजींनी काय करावं? तू असतास तर काय केलं असतंस? आपली आई असती तर काय केलं असतं? गावाकडून काही आलं की आधी वानवळा काढायचा, मग आपण खायचं. आजींनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि बारा किलो फुलांच्या त्रेचाळीस पुड्या बांधल्या. मग पाठीला टोपली लावून आळीतल्या घराघरात: 'आमच्या दाइगोच्या घरून आलंय हो! घरी आहे त्याचं कुणीतरी!' पन्नास वर्षं या बाईने बिअर विकली, दादा. लाखांनी बाटल्या हातांवरून गेल्या असतील. हॉपचं फूल काय असतं, ते तिने जन्मात पाहिलेलं नव्हतं. कुरोगी तर पंधराव्या वर्षापासून पितायत, त्यांनी पुडी उघडून निवाडा दिला, 'डोंगराकडची कोबी असते, बारकी.'

मी दहा वाजता दुकानात टोपी घ्यायला आलो तर आजी दारात उभ्या. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, 'बुडालेल्या माणसाने पाठवलेली भाजी फार ताजी असते रे.'

मला वाटलं, आता चपलेने मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं नाक पुसलं, आणि रिकाम्या खोक्यांकडे बोट दाखवलं, अशा थाटात की बघ, तुझी लाज राखली. मी खोक्यात हात घातला. तळाशी एक फूल होतं.

पुढचे दोन तास कसे गेले ते शब्दांत येत नाही, पण तू चहा घेऊन बसला आहेस म्हणून सांगतो. दिलेला वानवळा परत कसा मागायचा? तूच सांग. आपल्या भाषेत त्याला वाक्यच नाही. मी सायकल काढली आणि पहिलं घर गाठलं, बांबाबाईंचं, टोफूचं दुकान. वाकून नमस्कार केला आणि 'त्या पुडीचं जरा...' इतकंच म्हणालो, तोवर त्यांनी माझ्या हातात टोफूचे दोन ठोकळे ठेवले. 'अय्या, परतफेडीला उशीर झाला म्हणून स्वतः आलास होय! लाज वाटली बाई मला!' आणि आत कढईत आपली फुलं पिठात बुडवून तळत होत्या. मला एक खाऊ घातलं. कुरकुरीत होतं, मग कडू झालं, मग आणखी कडू. बांबाबाई म्हणाल्या, 'औषधी असणार.' दुसऱ्या घरी कोंड्यात शिजवलेला बांगडा मिळाला, तिसऱ्या घरी मुळे, चौथ्या घरी सोयाबीनच्या मिसोची बरणी. प्रत्येक दारात मी मागायला गेलो आणि घेऊन आलो. भांडं रिकामं परत पाठवायचं नाही ही रीत, आणि त्या दिवशी भांडं म्हणजे मी. निवृत्त हेडमास्तर सोएजिमांनी फुलांचा काढा करून ठेवला होता, आणि मी एक कपभर पिऊन त्याचा गुण सांगेपर्यंत सोडलं नाही. (हेडमास्तर या जातीबद्दल माझं मत तुला माहीतच आहे.) सायकलचं हँडल भाजीने जड झालं, पिशवीत हॉप चार मुठी, आणि तिकडे त्सुरुताचा फोनवर फोन.

'पाणी उकळतंय. फुलं कुठेत?'

'वाटेत आहेत.'

'कुठल्या वाटेत?'

'काही पिठात, काही काढ्यात.'

त्याने फोन ठेवला नाही. नुसता उकळणारा आवाज ऐकू येत राहिला. हंड्याचा का त्याचा, ते कळलं नाही.

शेवटी वाचवलं कुरोगींनी. मी त्यांच्या दारात रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. शेत, खांब, तू, बोट, भंगारवाला, सगळं. ते आंघोळ करून टॉवेल गुंडाळून उभे होते. ऐकून घेतलं, टॉवेल घट्ट केला आणि तसेच आळीच्या मधोमध येऊन क्रेनवर चढून ओरडायचे त्या आवाजात ओरडले, 'अहो! परत आणा ती कोबी! कोबी नाही ती, बिअर आहे! पोराच्या बापाचं शेत आहे ते!' ज्या वाक्याला आपल्या भाषेत शब्द नाहीत म्हणून मी दोन तास कुढत होतो, ते या माणसाने टॉवेलवर म्हणून टाकलं.

आणि माणसं आली, दादा. वाट्या घेऊन, ताटल्या घेऊन. कुणी धुतलेली, कुणी निवडलेली, कुणी उशीत भरायला म्हणून वर्तमानपत्रावर पसरलेली. बांबाबाईंनी न तळलेली सगळी आणली आणि तळलेल्यांबद्दल चार वेळा माफी मागितली. हेडमास्तर काढ्याचं पातेलंच घेऊन आले, ते परत पाठवावं लागलं. कुरोगींनी स्वतःची पुडी आणली ती ओली, गरम, फडक्यात बांधलेली. आंघोळीच्या पाण्यात टाकली होती. 'पिळून घेतलीय,' म्हणाले. सगळं वजन भरलं दोन किलो चारशे ग्रॅम. कुरोगींची पुडी त्सुरुताने दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवली.

तीनशे लिटरच्या हंड्याला दोन किलो म्हणजे विहिरीत पान. मोठ्या हंड्यात त्सुरुताने नेहमीच्या गोळ्या टाकल्या, आणि गोदीतून भंगारात आणलेलं एक जुनं पातेलं काढून त्यात साठ लिटर वेगळं घेतलं. (होय, भंगारात आणलेलं. भंगार विकणाऱ्यांपेक्षा घेणाऱ्यांना अक्कल असते, एवढंच म्हणतो.) आपली फुलं त्यात गेली. झाकण उघडंच होतं. वास आला आणि मी बाहेर जाऊन सायकलची चेन तपासली. चेन ठीक होती.

चार आठवड्यांनी, म्हणजे परवाच्या रविवारी, सकाळी अकराला आजींनी नळ उघडला. पाटीवर काय लिहायचं म्हणून त्सुरुता परदेशी नावं सुचवत होता. आजींनी ब्रश घेतला आणि लिहिलं: 'वानवळा.' वहीवाल्यांना कळवलंच नाही. आली ती आळी. एकेकाच्या हातात भरलेला पेला दिला, तर सगळे अवघडून उभे. आपला पेला आपल्यालाच भरून मिळालाय, आता शेजाऱ्याचं काय करायचं? मग कुरोगींनी आपल्यातला थोडा हेडमास्तरांच्या पेल्यात ओतला. हेडमास्तरांनी बांबाबाईंच्या. बांबाबाईंनी कुरोगींच्या. आहे तीच बिअर या पेल्यातून त्या पेल्यात फिरत राहिली. फेस पार मेला आणि त्सुरुता भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग सगळ्यांनी एकदम तोंडाला लावला.

कुरोगी म्हणाले, 'कडू आहे रे.'

'कडू आहे,' हेडमास्तर म्हणाले.

'माझ्या आंघोळीचं पाणी असतं तर मऊ झाली असती.'

आजी म्हणाल्या, 'आणखी घ्यायची तर घ्या, तोंडं कसली करता.' आणि त्यांनी घेतली. दुपारी दीडला साठ लिटर संपली. ते चांगलं म्हणाले नाहीत. एकही जण म्हणाला नाही. फक्त कुणी घरी गेलं नाही.

मला आजी पेला फुकट देत होत्या. मी घेतला नाही, वाटीत सातशे येन टाकले. फुकट घेतला असता तर तो वानवळा झाला असता, आणि वानवळ्याची परतफेड करावी लागते. ज्याला करायची तो माणूस आता नाही. तुला आठवतं का, काढणीच्या दिवसांत बाबा शेतावरच भाताचे गोळे वळायचे? त्यांची बोटं फुलांच्या पिवळ्या चिकाने माखलेली असायची, धुतली तरी जायचं नाही. भात कडू लागायचा. मी थुंकायचो. तू नाही थुंकायचास, तू थोरला ना, गिळायचास. मी सोळाव्या वर्षी घर सोडलं तेव्हा बाबांना तोंडावर म्हणालो होतो की तुमच्या हातचा भातसुद्धा खाववत नाही. त्यांनी हात मागे घेतले, एवढंच. तो पेला, दादा, तो भात होता. मी पूर्ण प्यायलो. थुंकलो नाही. आपल्या फुलांची बिअर बाबांनी जन्मात ओळखून प्यायली नाही. कंपनी सगळं घेऊन जायची आणि ते आपली बटाट्याची दारू पीत बसायचे. मी तरी प्यायलो.

तर बारा किलोंचं हे असं झालं. गटारात गेलेलं नाही. थोडं आंघोळीच्या पाण्यातून गेलं असेल, तेवढं सोडून दे.

तुझा, शब्द मागे न घेतलेला धाकटा भाऊ,
दाइगो

ता. क. वहिनींना सांग, पुढच्या वेळी 'हॉप' असंच लिहा. त्सुरुता पुढच्या सप्टेंबरात बारा किलो घेतो म्हणालाय, ओढ्याकडच्या दोन ओळींचे.

आणखी एक. तू जिवंत आहेस हे आता आळीला कळलंय. त्यामुळे त्या त्रेचाळीस घरांच्या परतफेडी मी खाऊन संपवू शकत नाही, त्या रीतीने तुझ्या आहेत. कोंड्यातला बांगडा, मिसो, वाळवलेले मुळे, हेडमास्तरांच्या हातचं एक उपदेशाचं पत्र, असं सगळं गारपेटीच्या गाडीने पाठवलंय, गुरुवारी पोचेल. आता भांडं तुझ्या दारात आहे, दादा. रिकामं परत करता येणार नाही. त्रेचाळीस घरं आहेत, आजींनी तुझा पत्ता दुकानाच्या भिंतीवर लावलाय. पुढच्या सप्टेंबरात त्यात काय भरून पाठवायचं ते तूच बघ. खांबांचं भंगार कुणी तळून खात नाही.

आणि शेवटचं. वीस तारखेला येणाऱ्या त्या भंगारवाल्याला सांग, गिऱ्हाईक मिळालं. खांब मी घेतोय, जागच्या जागी. हिवाळ्यात जाडा कोट घेणार होतो, पण इथे बर्फ पडत नाही. अडतीस हजार पाठवायचे ठरवले होते, पण एक खांब मी रविवारी प्यायलो. तेवढा उपटलास तरी चालेल, ओढ्याकडचा सोडून. सोबत पोस्टाने: सदतीस हजार तीनशे येन.